पत्र्याखालचं ब्रह्मांड

माझ्याकडे एक जुनी कॅसेट आहे. तिच्या कागदी पट्टीवर निळ्या शाईत 'भौतिकशास्त्र, तरंग' असं लिहिलं होतं. ते खोडून वर लाल शाईत 'पत्र्याखालचं ब्रह्मांड' असं लिहिलंय. दोन्ही अक्षरं माझीच. निळं अक्षर वळणदार आहे, लाल अक्षराला कसलाही धरबंध नाही आणि मला तेच जास्त आवडतं.

बारावीच्या वर्षी लातूरला राहून मी अवकाशावर रॉक संगीताचा अख्खा अल्बम केला, असं सांगितलं की लोक माझ्या पिकल्या केसांकडे बघतात आणि विषय बदलतात. नांदेडला मी ज्या कॉलेजात फिजिक्स शिकवते, तिथल्या पोरांना तर बाईंनी आयुष्यात कधी टेबलावर ठेका धरला असेल हेही खरं वाटत नाही. बरं, मी काही मोठी कलाकार नव्हते. त्या अल्बममध्ये मी पत्रा वाजवलाय. पण वाजवलाय.

मी मुखेडची. वडील एसटीत कंडक्टर. दहावीला मला बरे मार्क पडले आणि घरात कुणी विचारलंही नाही, सरळ गादी बांधायला घेतली. हुशार पोराला लातूरला धाडायचं खूळ तेव्हा आमच्या सगळ्या भागात शिरलं होतं. वडिलांनी मला स्वतःच्या ड्युटीच्या गाडीतून नेलं आणि माझं पूर्ण तिकीट फाडलं. नियम म्हणजे नियम.

भूकंपाला तेव्हा तीनेक वर्षं झाली होती. आम्ही खोली घेतली त्या गल्लीत बरेचसे घरमालक अंगणात पत्र्याचं शेड घालून त्यात राहायचे आणि स्लॅबच्या पक्क्या खोल्या विद्यार्थ्यांना भाड्याने द्यायचे. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी वडिलांना म्हटलं, "म्हणजे छत पडलं तर ते आमच्यावर पडणार."

"तू अभ्यास कर," वडील म्हणाले. "छताचं छत बघून घेईल."

आमचे घरमालक बँड पार्टीचे मालक होते. लग्नाच्या वराती, गणपती, उरूस, सगळीकडे त्यांची पार्टी जायची. अंगणातल्या दोरीवर सोनेरी गोंड्यांचे लाल कोट वाळत असायचे. गल्ली त्यांना मास्टर म्हणायची, मी चाचा म्हणायचे. पहिल्या दिवशी ते अंगणातल्या बाजेवरूनच बोलले. "खोली तुम्हीच बघून घ्या भाई. मी आत येत न्हाई. पंखा हाय, खिडकी हाय. भिंतीतलं कपाट तेवढं बंद ऱ्हाईल." मला वाटलं, गुडघे दुखत असतील.

त्यांची मुलगी माझ्यापेक्षा वर्षभराने मोठी. दहावीनंतर शिवणकाम करायची आणि बसल्या जागी माझी टिंगल करायची. चार दिवसांत आम्ही जिवाभावाच्या मैत्रिणी झालो. कपाटात काय आहे हे मात्र तिने लवकर सांगितलं नाही. सोनं असावं अशी माझी खात्री होती. झोपताना मी त्या कपाटाकडे पाठ करायचे, उगाच आपल्यावर आळ नको.

अकरावी अशीच गेली. पहाटेपासून दहापर्यंत क्लास, पुन्हा पाचपासून क्लास, मधल्या वेळात पाठांतर. गल्लीच्या तोंडाशी पाटी होती, 'शांतता राखा, विद्यार्थी अभ्यास करीत आहेत'. त्या पाटीपायी मास्टरांच्या पार्टीला गल्लीत सराव करायची बंदी होती. बिचारे वादक बार्शी रोडच्या पलीकडे एका मोकळ्या रानात जाऊन फुंकायचे.

बारावीत समोरच्या खोलीत एक देगलूरचा पोरगा आला. तो दुसऱ्यांदा बारावीला बसत होता. अशांना लातुरात रिपीटर म्हणतात, आणि त्याला सगळे त्याच नावाने हाक मारायचे. त्याच्याकडे एक गिटार होती आणि हैदराबादच्या चुलतभावाने दिलेली एक परदेशी कॅसेट. कव्हरवर काळ्या आकाशात एक ग्रह. नाव होतं त्या जागी कधीतरी पाणी सांडून शाई गेलेली. बँडच्या हातगाडीवरचा जुना ॲम्प्लिफायर मिळेल का, हे विचारायला तो एका दुपारी आमच्या अंगणात आला आणि आमची मती फिरवून गेला.

ती कॅसेट आम्ही माझ्या टेपरेकॉर्डरवर लावली. वीस-बावीस मिनिटं एकच तुकडा. शब्द नाहीत. आधी नुसतीच घुमघुम, मग लांबून येणारी गिटार, मग कुणीतरी फरशीवरून साखळी ओढत नेतंय असा आवाज, आणि मग ते सगळं एकदम अंगावर. 

"हे वरातीत वाजवलं तर लोक मारतील," मैत्रीण म्हणाली. मग म्हणाली, "पुन्यांदा लाव."

तिसऱ्यांदा ऐकून झाल्यावर रिपीटर म्हणाला, "आपण पण असं करू की. आकाश, ग्रह, सगळं."

"पण अवकाशात आवाजच नसतो," मी म्हटलं. माहीत असलेली गोष्ट सांगितल्याशिवाय मला तेव्हा राहवायचं नाही. अजूनही राहवत नाही. "आवाजाला माध्यम लागतं. हवा, पाणी, लोखंड, काहीतरी. तिथं काहीच नाही."

"अय्यो, मग कोरी कॅसेट देऊ," रिपीटर म्हणाला. "अवकाश, भाग पहिला."

"आपल्याकडं माध्यम हाय की," मैत्रीण म्हणाली, आणि हातातली कात्री तिने शेडच्या पत्र्यावर टणकन आपटली. आवाज पत्र्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला आणि परत आला. आम्ही तिघंही वर बघत राहिलो.

झालं, त्या दिवसापासून आमचं सुरू झालं. दुपारी दोन ते चार, शेडमध्ये. दार उघडं आणि दारात चाची, म्हणजे मैत्रिणीची आई, लसूण सोलत बसलेल्या, कारण दोन पोरी आणि एक पोरगा. आमच्या त्या राखणदार आणि एकमेव श्रोत्या. मैत्रिणीकडे पार्टीचा की-बोर्ड होता. ती लहानपणापासून सगळ्या वादकांचं बघून शिकली होती, पण पोरीच्या जातीनं वरातीत कुठं वाजवायचं, म्हणून ते शिक्षण घरातच पडून होतं. एक खालचा सूर सतत चालू ठेवायचा असेल तर ती त्या पट्टीत काडेपेटी खोचून द्यायची आणि दोन्ही हात मोकळे करून घ्यायची.

टेपरेकॉर्डर वडिलांनी मला सरांची लेक्चर भरून घ्यायला दिला होता. तोच आमचा स्टुडिओ. मास्टरांचा एक टेप होता, त्यावर आधी भरलेलं वाजवायचं, सोबत नवीन वाजवायचं आणि दोन्ही मिळून माझ्या टेपवर भरायचं. असं दोन-तीन वेळा केलं की मागे सूं असा आवाज वाढत जायचा. रिपीटर वैतागायचा. मी त्याला सांगितलं, विश्वाच्या पाठीमागेही अशीच एक बारीक खरखर सतत चालू असते, यंत्रांनी ऐकलीय. तेव्हापासून ती खरखर आमच्या अल्बमची शान झाली.

कोऱ्या कॅसेटी कुठून आणायच्या? मी माझ्या लेक्चरच्याच पुढे केल्या. 'तरंग' हे प्रकरण गेलं, मग 'स्थितिस्थापकता' गेलं. पुसताना कुठेकुठे फट राहायची आणि ताऱ्यांच्या मध्येच सर म्हणायचे, "लिहून घ्या."

काय काय नाही भरलं आम्ही! भर दुपारी पत्रा तापला की आपोआप टणटण करतो, ते पाच मिनिटं नुसतं भरून घेतलं. त्याचं नाव ताऱ्यांचा जन्म. टँकरचं पाणी रिकाम्या टाकीत पडतं तो गुरू. चाचींच्या कुकरची शिट्टी म्हणजे धूमकेतू, आणि तो तीनदा येतो, कारण चाचींची डाळ तीन शिट्ट्यांत शिजते. मी हाताला ओढणी गुंडाळून पत्र्यावर थापा मारायचे. पाटीच्या धाकाने आम्ही ॲम्प्लिफायरवर जाड गोधडी टाकायचो, त्यामुळे रिपीटरची गिटार सर्दी झाल्यासारखी यायची. इतकं हसले नव्हते मी कधी. केमिस्ट्रीचा पेपर कसा गेला हे विसरून चक्क हसत सुटायचे.

दिवाळीपर्यंत अ बाजू जवळजवळ झाली. ब बाजूचा शेवटचा तुकडा काय असावा, यावरून आमचं वाजलं. माझं म्हणणं, मी पृथ्वीवर कविता लिहिलीय ती मी वाचते. मैत्रिणीने कविता ऐकून घेतली आणि म्हणाली, "चांगली हाय. पर ती जागा न्हाई द्यायची. ती अब्बाची हाय."

"चाचांची?"

"कपाटात क्लॅरिनेट हाय त्यांची," ती म्हणाली. "सोनं न्हाई."

मग तिने सगळं सांगितलं. मास्टरांच्या क्लॅरिनेटचं नाव बीदरपर्यंत होतं. त्यांनी स्वतः बसवलेली एक संथ चाल होती, ती ते कुठल्याही मिरवणुकीत सगळ्यात शेवटी वाजवायचे. भूकंपाच्या आदल्या रात्री त्यांची पार्टी निलंग्याच्या बाजूला एका गावात गणपती विसर्जनाला गेली होती. मास्टरांनी ती चाल धरली, ती निम्म्यावर आली आणि ट्रकवाल्याने निघायची घाई लावली. गावची पोरं सोडेनात. मास्टर त्यांना हसून म्हणाले, ट्रकवाल्याला समजावतो, मुक्काम करतो, उरलेलं सकाळी वाजवतो, चहा ठेवा. ट्रकवाला ऐकला नाही. हे गावाला न सांगताच निघाले. पहाटे घरी पोचून मास्टरांनी क्लॅरिनेट भिंतीतल्या कपाटात ठेवली, हातपाय धुवायला अंगणात आले आणि जमीन हलली. आमचं घर राहिलं. ते गाव राहिलं नाही.

"तवापासनं अब्बा स्लॅबखाली गेले न्हाईत आन् तिला हात लावला न्हाई," ती म्हणाली. "तुमचं ते आकाश-बिकाश तुम्ही बघा. मी हे समदं कशासाठी करून राहिले ठाव हाय? ह्या कॅसेटीत मला अब्बा वाजवायला पाहिजेत. बस."

मला स्वतःचीच लाज वाटली. मी कविता फाडली नाही, पण घडी घालून ठेवून दिली. तिने त्या आठवड्यात वडिलांना दोनदा विचारलं. पहिल्यांदा ते उठून गेले. दुसऱ्यांदा म्हणाले, "बेटा, पार्टीत दुसरे क्लॅरिनेटवाले हैत. त्यांना सांग." तिचा चेहरा बघवत नव्हता.

आता मधली एक गोष्ट. शेजारच्या खोलीत निलंग्याकडची एक मुलगी राहायची. तिची आई दर रविवारी डबा घेऊन यायची. लातुरात रविवार म्हणजे डब्यांचाच वार, प्रत्येक गाडीतून भाकरीचा वास उतरायचा. ही बाई खोलीत बसायची नाही. ओट्यावरच लेकीला जेवू घालायची, तिची वेणी घालायची आणि चारच्या गाडीने परत जायची. बोलणं असं नाहीच. आम्ही कितीही पत्रा बडवला तरी तिने कधी नाक मुरडलं नाही, एवढंच मला तिच्याबद्दल माहीत होतं.

अल्बमचा पहिला तुकडा आम्ही मुद्दाम शेवटी ठेवला होता. नाव महास्फोट. सगळी सृष्टी जिथून सुरू झाली तो आवाज गोधडीखालून कसा काढणार? एके दिवशी चाची उदगीरला भाचीकडे गेल्या. मास्टर कोपऱ्यावरच्या हॉटेलात चहाला गेले. आम्ही शेडचं दार लावलं, गोधडी काढून फेकली, ॲम्प्लिफायरचं तोंड पत्र्याला टेकवलं. पार्टीचा सगळ्यात मोठा ड्रम रिपीटरच्या पायाशी. मैत्रिणीने तीन खालच्या पट्ट्यांत तीन काडेपेट्या खोचल्या. मी दोन्ही हात पत्र्यावर ठेवले. तिने पार्टीवाले मोजतात तसं मोजलं आणि आम्ही सुरू केलं.

तो आवाज कानाला ऐकू आलाच नाही, थेट पायातून वर चढला. खिळ्यावरची गाळणी पडली. पेले मांडणीवरून चालत कडेला आले. माझे दात वाजत होते आणि मी वेड्यासारखी पत्रा हलवत होते. एवढं मोठं काहीतरी आपण करतोय, या आनंदाने मला रडू फुटायचं बाकी होतं.

अशा आवाजाचं लातुरात काय होतं, हे आम्हा तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. मैत्रिणीच्याही नाही, हे विशेष. फिजिक्सची मी एवढी शहाणी, पण जमिनीतून लाटा जातात हे पुस्तकात सोडून आले होते.

हात दुखून आम्ही थांबलो तेव्हा बाहेरचा गलका ऐकू आला. आणि त्या गलक्यावर मास्टरांचा आवाज, "बेटा! बाहर आवो! दोघी बाहर या गं!" आम्ही दार उघडलं. अख्खी गल्ली रस्त्यावर होती. एकाची दाढी अर्धी झालेली, एक मुलगी पोळीचं लाटणं घेऊन, एक पोरगा वनस्पतिशास्त्राचं जर्नल छातीशी कवटाळून. पाटी लावणारे आजोबा बनियनवर. आणि आमच्या पक्क्या घराच्या दारातून, स्लॅबखालून, मास्टर धावत बाहेर येत होते. त्यांच्या दोन्ही हातांवर माझ्या गोधडीची वळकटी होती. खिडकी लावल्यामुळे खोलीत अंधार होता. अंथरुणावर जे काही हाताला लागलं ते मी आहे असं समजून त्यांनी उचललं होतं.

आम्ही समोर उभ्या. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, आमच्या मागच्या ड्रमकडे पाहिलं, मग हातातल्या गोधडीकडे पाहिलं. ती त्यांनी सावकाश बाजेवर ठेवली, तिच्यात खरंच कुणी असावं अशी. मग शेजारी बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

त्यानंतर आमची जी पूजा बांधली गेली ती सांगण्यात मजा नाही. मी आणि रिपीटर दारोदार फिरून माफी मागून आलो. पाटीवाले आजोबा मला खोली सोडायला लावणार होते. शेवटच्या घरातली म्हातारी तेवढी म्हणाली, "बरं केलं पोरीहो. पळता येतंय का न्हाई अजून, बघनं झालं." मैत्रीण दोन दिवस रडत होती. आपण अब्बांना पुन्हा त्याच दिवसात नेऊन टाकलं, आता ते कसले वाजवतात, असं ती सारखं म्हणायची. मलाही तसंच वाटत होतं. की-बोर्डवर कापड पडलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी खोलीत बेडूक पाठ करत होते. दाराशी सावली पडली. मास्टर उंबऱ्याबाहेर चपला काढून उभे होते.

"बेटा, आत येऊ का?"

स्वतःच्या घराची परवानगी ते माझ्याकडे मागत होते. मी उठून उभी राहिले. ते एक पाऊल आत आले, वर छताकडे पाहिलं, आणखी एक पाऊल आले.

"त्या दिवशी आत आलो तर काय कळलं न्हाई," ते म्हणाले. "आज बघून घेतो. छत हाय की जागेवर. खामखा घाबरत हुतो." मग त्यांनी कनवटीची किल्ली काढली आणि कपाट उघडलं.

पेटीतली क्लॅरिनेट काळी पडली होती. फुंकायच्या तोंडाशी बसवायची वेताची पातळ पत्ती वाळून वाकडी झाली होती. ती त्यांनी माझ्याच पाण्याच्या पेल्यात भिजत घातली. मी अंगणात धावले आणि मैत्रिणीला हाताला धरून आणलं. ती दारातच थांबली, तिला आत यायचा धीर होईना.

पहिला सूर असा आला की समोरच्या गल्लीतली शेळी ओरडली असं वाटावं. मास्टर स्वतःच हसले. तीन-चार दिवस ते अंगणात बसून तसेच शेळ्या ओरडवत राहिले, आणि पाटीवाल्या आजोबांनी पाटीकडे बोटसुद्धा दाखवलं नाही. मग एका दुपारी शेळी गेली आणि सूर आला. गरम, जाडसर, थोडा दमलेला. समोरच्या खोल्यांच्या खिडक्या एकेक करून उघडत गेल्या.

भरायचा दिवस आला. मैत्रिणीने विचारलं, "अब्बा, कुठल्या पट्टीतून?" ते म्हणाले, "काळी दोन." मला म्हणाले, "तू पत्रा हळू वाजव. पावसासारखा न्हाई. कुनीतरी दार वाजवतंय तसा." रिपीटरला म्हणाले, "तुझ्या गिटारीची ती घुमघुम ऱ्हाऊ दे. चांगली हाय." रिपीटर नंतर आठवडाभर हवेत होता.

त्यांनी चाल धरली. ती आकाशाची होती का? काय सांगू, त्या दिवशी मला तरी सगळं आकाश त्या शेडमध्ये मावलेलं वाटलं. निम्म्यावर आले आणि ते थांबले. मैत्रिणीच्या चेहऱ्यावरून मला कळलं की हीच ती जागा. कॅसेट फिरत होती. तिघांचेही हात चालू होते, कुणी कुणाकडे बघत नव्हतं. मास्टरांनी डोळे मिटले, लांब श्वास घेतला आणि पुढचं वाजवायला लागले. ती की-बोर्डवर हात ठेवून रडत होती, हसत होती आणि एकही सूर चुकली नाही.

वाजवून झाल्यावर मास्टर टेपरेकॉर्डरकडे वाकले आणि त्यात माणूस बसलेला असावा तसे त्याच्याशी बोलले. "उरलेलं वाजवलं बरं का. चहा तेवढा ऱ्हायला." आणि त्यांनीच बटण दाबलं.

अल्बम पुरा झाला. तो आधी गल्लीला ऐकवायचा असं ठरलं, कारण गल्लीने त्यात बिनपगारी काम केलं होतं. महास्फोटाच्या वेळी टेप चालूच राहिला होता आणि गल्लीची पळापळ, मास्टरांची हाक, सगळं त्यात आलं होतं. ते आम्ही तसंच ठेवलं. सृष्टी सुरू झाली तेव्हाही असाच गोंधळ उडाला असणार.

रविवारी दुपारी, चाचणी परीक्षा संपल्यावर, पार्टीची हातगाडी अंगणात लावली. कर्ण्यांना जोडून कॅसेट सुरू केली. पोरं, घरमालक, डबे घेऊन आलेल्या आया, सगळे जमले. महास्फोट सुरू झाला आणि आधी सांगूनही निम्मी गल्ली उठून उभी राहिली. मग एकमेकांकडे बघून जो हशा पिकला! कुकरच्या शिट्टीला चाचींना टाळ्या पडल्या. आपला धावतानाचा आवाज कुठला, यावरून दोन पोरांचं भांडण झालं.

ब बाजूचा शेवट आला तशी भांडणारी पोरंही कर्ण्यांजवळ सरकली. क्लॅरिनेट चालू होती. निम्म्यावर ती थांबली, पुन्हा सुरू झाली. मग मास्टरांचं ते वाक्य आलं. मग खरखर. आणि मी पुसायला विसरलेल्या तुकड्यातून सरांचा खणखणीत आवाज, "हां. आता पुढचं लिहून घ्या."

गल्ली हसून हसून आडवी झाली. त्या हसण्यात माझं लक्ष ओट्याकडे गेलं. निलंग्याकडची ती बाई ओट्यावर नव्हती. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच ती लेकीच्या खोलीत गेली होती. आतून स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज येत होता.

थोड्या वेळाने ती स्टीलच्या पेल्यात चहा घेऊन आली आणि पदराने पेला धरून मास्टरांच्या बाजेसमोर उभी राहिली.

"लाल कोटात हुता तुम्ही," ती म्हणाली. "म्हून वळखलं न्हाई इतके दिस. चाल वळखली. पोरं म्हनली हुती, बँडवाले ऱ्हायलेत, सकाळी उरलेलं वाजवनार हैत."

मास्टर उठून उभे राहिले.

"आम्ही दोघीच ऱ्हायलो," ती म्हणाली. "घ्या. पोरं असती तर त्यांनीच दिला असता. गार करू नका."

मास्टर खाली बसले आणि तो चहा त्यांनी शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. मग त्यांनी मैत्रिणीला हाक मारली, क्लॅरिनेट मागवली आणि त्या बाईला विचारलं, पहिल्यापासून ऐकणार का? ती ओट्यावर मांडी घालून बसली. चारची गाडी त्या दिवशी तिने चुकू दिली.